सहा टिंबांचा पत्ता

अक्षरांप्रमाणे त्यांच्या खुणांनाही नावे असतात, हे आपण मोठेपणी विसरून जातो. पहिलीत असताना मात्र ती नावे जिभेवर असतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, रफार! पुढे अक्षरे डोळ्यांच्या इतकी सरावाची होतात की त्यांना नावाने हाक मारण्याची गरज उरत नाही. ती गरज उरते दोघांना. एक, संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्याला. आणि दुसरी, ज्याला अक्षर दिसतच नाही त्याला.

माझा व्यवसाय पहिल्या प्रकारचा. मराठी मजकूर संगणकावर नीट उमटावा, हवा तेव्हा शोधता यावा, यासाठी आज्ञावल्या लिहिणे हे माझे रोजचे काम. या कामात एक मोठे कोठार सतत हाताशी लागते. युनिकोड हे त्याचे नाव. जगातल्या बहुतेक लिप्यांची चिन्हे तिथे नोंदलेली आहेत आणि प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक व एक प्रमाण नाव दिलेले आहे. नावे सगळी रोमन लिपीत. आपला क तिथे ‘देवनागरी लेटर का’ या नावाने नांदतो. ळ साठी रोमन लिपीत धड अक्षर नाही, म्हणून एलला एल जोडून त्याची सोय लावली आहे. पायथनसारख्या संगणकभाषेत हे नाव बिनचूक लिहिले की यंत्र नेमके ते अक्षर काढून हातावर ठेवते. क्रमांक सांगूनही काम भागते. पण २३२५ हा आकडा वाचून क आठवणारा माणूस विरळाच. नाव मात्र कोणीही वाचावे आणि समजावे.

नावाची खरी किंमत कळते ती न दिसणाऱ्या चिन्हांपाशी. ‘दऱ्या’ या शब्दातला तो आडवा, अर्धा र घ्या. तो उमटवण्याच्या एका पद्धतीत मध्ये एक अदृश्य चिन्ह घालावे लागते. पडद्यावर त्याला ना रूप, ना रुंदी. त्याचे नावच मुळी ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी ते दिसायचे नाही. नाव घेतले की सापडते. तेवढ्यापुरता डोळस माणूसही अंधांच्या पंगतीला जाऊन बसतो.

याच कोठारात २५६ चिन्हांची एक आळी आहे. आजूबाजूच्या आळ्यांत का, खा, अलिफ, अल्फा अशी नावे ऐकू येतात. इथे मात्र एकाही अक्षराचे नाव नाही. ‘ब्रेल पॅटर्न’ एवढे शब्द आणि पुढे टिंबांचे आकडे. डॉट्स-१, डॉट्स-१४, डॉट्स-१२४५. एवढ्या मोठ्या लिपीला नावे द्यायची आणि त्यांत अक्षराचा उल्लेखही करायचा नाही, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. त्यामागचे कारण शोधू लागले की आपण थेट सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समधल्या एका खोगीरवाल्याच्या घरी जाऊन पोहोचतो.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण चाळीस किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तिथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील सिमाँ-रने हे खोगिरे आणि घोड्यांचे साज शिवणारे कारागीर. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई शेंडेफळ. वडिलांच्या कामाच्या जागेत चामड्याचे तुकडे, आऱ्या, सुऱ्या पडलेल्या असत. तीन वर्षांच्या पोराला याहून मोठे आकर्षण कोणते? १८१२ साली एके दिवशी वडिलांची नक्कल करता करता हातातले अणकुचीदार हत्यार निसटले आणि त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली. संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला. रोगजंतू म्हणजे काय, हे तेव्हाच्या वैद्यकाला ठाऊक नव्हते. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईला दिसायचे पूर्ण थांबले.

त्या काळात खेड्यातल्या अंध मुलापुढे भीक मागणे हाच बहुधा राजमार्ग असे. ब्रेलच्या आईवडिलांनी तसे होऊ दिले नाही. घरातली कामे त्याच्या वाट्याला इतर भावंडांसारखीच येत. काठीच्या आधाराने तो गावभर हिंडू लागला. गावचे धर्मगुरू पाल्युई यांनी त्याला शिकवायला घेतले आणि मग गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसवले. ऐकलेले सगळे त्याच्या ध्यानात राही. पण बाकीची पोरे पुस्तक उघडून बसली, की याने हात मांडीवर ठेवून बसायचे. शेवटी गावच्या सरदाराच्या शिफारशीने पॅरिसच्या अंधशाळेत त्याला जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या अकराव्या वर्षी, लुईने त्या शाळेत पाऊल टाकले. पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य तिथेच गेले.

ही शाळा व्हालाँताँ आउई या सहृदय गृहस्थाने अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेली. इमारत जुनी, ओल धरलेली. पुढे ब्रेलचा जीव घेणारा क्षय बहुधा तिथेच त्याच्या छातीत शिरला. अंधांना शिकवता येते, हे आउईने जगाला दाखवून दिले, हे त्याचे मोठे ऋण. त्याची रीत अशी, की जाड ओला कागद मोठमोठ्या रोमन खिळ्यांवर दाबायचा, म्हणजे अक्षरे फुगून वर येतात आणि बोटांनी चाचपता येतात. पण एकेक अक्षर कडेकडेने चाचपत जायचे, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. पुस्तके अजस्र आणि महाग, म्हणून मोजकी. आणि सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे ही अक्षरे अंध मुलाला स्वतःच्या हाताने काढता येत नसत. दुसऱ्याने छापून दिले तर वाचायचे. ऐकून घ्यायचे, पण आपण बोलायचे नाही, असाच तो प्रकार.

१८२१ साली शार्ल बार्बिए हा तोफखान्यातला निवृत्त अधिकारी एक नवी पद्धत घेऊन शाळेत आला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तिचे मोठे नवल वाटते. त्याने फ्रेंच भाषेतले ३६ ध्वनी सहा ओळी आणि सहा रकाने अशा तक्त्यात मांडले होते. कागदावर उठवायची ती नुसती टिंबे, दोन उभ्या रांगांत. डाव्या रांगेतली टिंबे मोजायची, म्हणजे तक्त्यातली ओळ कळते. उजवीकडची मोजली की त्या ओळीतले घर कळते. थोडक्यात, बार्बिएचे चिन्ह हे अक्षर नव्हतेच. तो अक्षराचा पत्ता होता. संगणकाच्या पोटात आज अक्षरे अशीच क्रमांकाने राहतात.

मुले हरखली. रेघेपेक्षा टिंब बोटाला किती चटकन लागते, हे त्यांना पहिल्याच स्पर्शात उमगले. शिवाय ही टिंबे स्वतःला टोचता येत होती! पण बारा-तेरा वर्षांच्या लुईला त्यातली खोटही उमगली. एका ध्वनीला बारापर्यंत टिंबे लागत. एवढा ऐवज बोटाच्या पेराखाली मावत नाही. बोट वरखाली फिरवून मोजावे लागते. ध्वनी लिहायचे असल्यामुळे शब्दांची वर्तनी नाही, विरामचिन्हे नाहीत, आकडे नाहीत, संगीत नाही. डोळस माणसाने अंधांसाठी कामचलाऊ म्हणून केलेली ती सोय होती. लुईला लिपी हवी होती.

पुढची तीन वर्षे दिवसाचे वर्ग आटोपले की रात्री, आणि सुटीत कूव्रेला गेल्यावर तिथे, कागद आणि टोचणी घेऊन तो बसे. ज्या जातीच्या हत्याराने त्याचे डोळे नेले, तसलेच हत्यार आता त्याच्या हातात होते. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची रचना मुख्यत्वे तयार झाली.

ही रचना मी वाचकांना थोडी उलगडून सांगतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. बाराच्या जागी त्याने सहाच टिंबे ठेवली. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. एवढी चौकट बोटाच्या पेराखाली अलगद मावते. बार्बिएकडे टिंबे मोजायची होती. ब्रेलने मोजणी काढून टाकली आणि प्रत्येक टिंबाला ठरलेली जागा दिली. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. अशा क्रमांकांनीच या जागा आज जगभर ओळखल्या जातात. कोणत्या जागी टिंब आहे आणि कोणती रिकामी आहे, हे बोट एका स्पर्शात सांगते. सहा जागांची अशी ६४ रूपे होतात. त्यांतले एक कोरे. बाकी ६३ चिन्हांत अक्षरे, विरामचिन्हे, आकडे आणि संगीताचे सूरसुद्धा!

त्यांची मांडणीही घोकंपट्टीची नाही. पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार जागांत बसवलेली. त्याच दहांना ३ क्रमांकाचे टिंब जोडले की पुढची दहा मिळतात. ए म्हणजे १, के म्हणजे १३. बी म्हणजे १२, एल म्हणजे १२३. आणखी ६ क्रमांकाचे टिंब जोडले की तिसरी रांग सुरू. दहा अक्षरे आली की बाकीची आपोआप मागून येतात. इंग्रजीतला डब्ल्यू तेवढा या क्रमात बसत नाही, कारण तेव्हाच्या फ्रेंच वर्णमालेत त्याची गरजच नव्हती. तो नंतर येऊन मागच्या बाकावर बसला.

१८२९ साली ब्रेलने आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात बार्बिएचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले. दैवाचा खेळ असा, की हे पुस्तकसुद्धा छापावे लागले ते फुगीर रोमन अक्षरांत. सुरुवातीच्या रचनेत काही ठिकाणी आडव्या रेघाही होत्या. १८३७ च्या सुधारित आवृत्तीत त्या गेल्या आणि निखळ टिंबे उरली. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सचा संक्षिप्त इतिहास तीन खंडांत या लिपीत छापला.

दरम्यान ब्रेल त्याच शाळेत आधी साहाय्यक आणि १८३३ पासून पूर्णवेळ शिक्षक झाला होता. व्याकरण, भूगोल, गणित, संगीत असे बरेच विषय तो शिकवी. ऑर्गन उत्तम वाजवी. पॅरिसच्या सँ निकोला द शाँ या चर्चमध्ये तो वादक होता. स्वभावाने मितभाषी, नेमस्त, मदतीला तत्पर. पंचविशी ओलांडली आणि क्षयाने डोके वर काढले. आयुष्य मोजकेच आहे, हे ओळखूनच त्याने पुढची वर्षे काढली असावीत, असे मला वाटते.

कारण त्याच्या डोक्यात आणखी एक काम होते. अंध मुलगा टिंबांत पत्र लिहील, पण ते घरच्या डोळस आईने कसे वाचावे? १८३९ साली त्याने दुसरी एक रीत काढली. तिच्यात नेहमीच्या रोमन अक्षरांचा आकारच टिंबाटिंबांनी साधायचा, उंचीला दहा टिंबे धरून. कोणत्या अक्षराला कुठे टिंब द्यायचे हे ठरलेले, म्हणून जन्मांधालाही डोळसांची अक्षरे काढता येत. फूको नावाच्या एका अंध कारागीर मित्राने त्यासाठी १८४१ साली एक यंत्रही तयार केले. लुई ब्रेल अंधांना डोळसांपासून तोडू पाहत होता, असे म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे व्हावे.

पण तसे म्हणणारे होते, आणि अधिकाराच्या जागी होते. ब्रेलच्या पाठीशी उभे राहिलेले मुख्याधिकारी पिन्यिए यांना १८४० साली जावे लागले. त्यांच्या जागी आलेले द्युफो यांचे मत असे, की अंधांनी सर्वांची लिपी वापरावी. वेगळी लिपी म्हणजे वेगळी भिंत. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. त्यात फक्त वापरणाऱ्याच्या बोटांना कोणी विचारले नव्हते. शाळेत टिंबांना बंदी झाली. जुनी पुस्तके जाळली गेल्याचे चरित्रकार सांगतात. टोचण्या काढून घेतल्या, तेव्हा मुलांनी विणायच्या सुया, काटे-चमचे, खिळे, जे हाताला लागेल ते वापरले. दिवसा रोमन, रात्री टिंबे! स्वतः ब्रेल त्याच शाळेत नोकरीत, खोकत, हे सगळे पाहत होता. त्याने भांडण केल्याची नोंद नाही. भांडण मुलांच्या बोटांनी केले.

द्युफोंचे साहाय्यक ग्वादे यांच्या हे लक्षात आले. मुले शिक्षा सोसून ज्या गोष्टीला चिकटतात, तिच्यात काही तथ्य असले पाहिजे, हे त्यांनी वरिष्ठांना पटवले. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या वास्तूचा समारंभ झाला, तेव्हा ग्वादे यांनी भरसभेत या लिपीची थोरवी सांगितली आणि मुलांनी ती लिहून-वाचून दाखवली. ब्रेल सभेत हजर होता. वय पस्तीस, तब्येत खालावलेली. आपल्या लिपीला मिळालेला हा जाहीर मान त्याने ऐकला, एवढे तरी नियतीने त्याला दिले.

६ जानेवारी १८५२ रोजी तो गेला. त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. आपली एक लहान पेटी न उघडता जाळावी, असे त्याने सांगून ठेवले होते. मित्रांना राहवले नाही. उघडून पाहतात तो आत विद्यार्थ्यांनी वेळोवेळी घेतलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या! एकाही ऋणकोचे नाव मागे राहू नये, एवढ्यासाठी ती पेटी जाळायची होती. अक्षरे नेमकी सापडावीत म्हणून आयुष्य वेचणाऱ्या या माणसाने ही नावे मात्र कोणाला सापडू नयेत, अशी तजवीज केली होती. मित्रांनी त्या चिठ्ठ्या अग्नीच्या स्वाधीन केल्या.

दोन वर्षांनी, १८५४ साली, फ्रान्सने ही लिपी अधिकृत केली. १८७८ च्या पॅरिस परिषदेने ती इतर देशांना सुचवली. अमेरिकेत निरनिराळ्या टिंबलिप्यांचे पंथ होऊन विसाव्या शतकापर्यंत भांडणे चालली. आपल्याकडेही एकेका प्रांताची, एकेका शाळेची वेगळी टिंबे होती. १९५१ साली भारती ब्रेल ठरली आणि भारतीय भाषांना एक समान बैठक मिळाली. पुढच्याच वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली.

आता त्या विचित्र नावांकडे वळू. भारती ब्रेलने शक्य तिथे ब्रेलच्या मूळ चिन्हांशी उच्चारसाम्य राखले. १ म्हणजे फ्रेंच मुलाचा ए आणि मराठी मुलीचा अ. १३ म्हणजे त्याचा के, हिचा क. १४ म्हणजे त्याचा सी आणि हिचा च. त्याच १४ च्या आधी आकड्याची खूण आली तर तो तीनचा आकडा होतो. संगीताच्या पानावर त्याचा अर्थ आणखी निराळा. मग संगणकाच्या वहीत या चिन्हाचे नाव काय लिहायचे? सी लिहिले तर मराठीवर अन्याय, च लिहिले तर फ्रेंचवर. १९९९ साली ही चिन्हे युनिकोडमध्ये घेतली, तेव्हा अर्थ बाजूला ठेवून बोटाला जे लागते तेच नाव म्हणून नोंदले गेले. १ आणि ४ या जागी टिंब, म्हणून डॉट्स-१४.

संगणकासाठी पुढे दोन जागा वाढून टिंबे आठ झाली, म्हणून ती आळी २५६ घरांची. तिथले क्रमांकही टिंबांवरूनच निघतात. पहिल्या टिंबाचा १, दुसऱ्याचा २, तिसऱ्याचे ४, चौथ्याचे ८, अशी दुप्पट किंमत धरायची. १४ म्हणजे १ अधिक ८, बरोबर ९. कोरे घर शून्य धरले, की नवव्या घरात हे चिन्ह राहते. नावावरून घर काढता येते आणि घरावरून नाव. एवढी सरळ वस्ती मी त्या कोठारात क्वचितच पाहिली. आणि ही नावे कायमची आहेत. युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव बदलत नाहीत, चुकले असले तरी! एका कंसाच्या नावात ब्रॅकेट या शब्दातली के आणि सी ही अक्षरे उलटसुलट पडली आहेत. ती तशीच ठेवून शुद्ध रूप टोपणनाव म्हणून जोडावे लागले.

आज अंध माणसे संगणकाच्या आज्ञावल्या लिहितात. त्यांच्या कळफलकाशेजारी एक पट्टी असते. पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर बारीक खुंट्यांच्या रूपाने वर येते आणि बोटे ती वाचतात. पडद्यावर चिन्ह दिसो वा न दिसो, त्यांना ते सापडते.

मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५२ साली, फ्रान्सने ब्रेलचे अवशेष कूव्रेहून पॅरिसच्या पाँथेआँमध्ये, राष्ट्राच्या थोर पुरुषांशेजारी, सन्मानाने नेले. कूव्रेच्या गावकऱ्यांनी मात्र एक हट्ट धरला आणि तो मानला गेला. लुईचे हात त्यांनी जाऊ दिले नाहीत. एका कलशात ते त्याच्या गावीच राहिले आहेत.